आजीचा ओटीपी आजीच्याच हातात



सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर पूर्वी नाव, वय आणि पत्ता विचारत. आता आणखी एक गोष्ट विचारतात, "मोबाइलवर नंबर आला का?" आयुष्मान कार्ड काढायचे असो, आधार तपासायचे असो की केसपेपरसाठी टोकन घ्यायचे असो, सहा आकडी ओटीपीशिवाय पुष्कळ ठिकाणी काम पुढे सरकत नाही. आपल्या वस्तीतल्या आजी-आजोबांचा हा ओटीपी बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच खिशात वाजतो. मुलगा नाक्यावर कामाला गेलेला, सून चार घरची धुणीभांडी करून अजून परतलेली नाही, नातू कॉलेजात. आजी खिडकीपाशी उभी आणि आधारला जोडलेला मोबाइल तिसऱ्याच गावी. काही मिनिटांत त्या आकड्याची मुदत संपते आणि आजी साखरेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन घरी येते.

आरोग्याच्या पानावर मोबाइलचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. म्हणून हे आधी सांगितले. रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, गुडघेदुखी यांवर आम्ही या पानावर लिहीत असतो. पण उपचाराच्या दाराशी पोहोचायलाच मोबाइल लागत असेल, तर मोबाइल शिकणे हाही आरोग्याचाच धडा झाला.

सरकारने हे शिकवले नाही असे नाही. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झाले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचायचे, घरटी एका व्यक्तीला २० तासांचे शिक्षण द्यायचे, अशी ती योजना होती. वयाची अट होती १४ ते ६० वर्षे. आता हिशेब करून पाहा. शहरात झाडू मारून निवृत्त झालेली पासष्ट वर्षांची आपली मावशी या योजनेतून दोनदा बाहेर पडली. ती शहरात राहते म्हणून एकदा आणि साठी ओलांडली म्हणून दुसऱ्यांदा. गावाकडे राहणारी तिची बहीण साठीच्या आत असती, तरी घरटी एकच जागा. ती जागा कोणाला मिळते हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. मार्च २०२४ मध्ये ही योजना संपली.

सध्या केंद्र सरकारचा 'उल्लास' नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्याची मुदत २०२२ ते २०२७ अशी आहे. तो १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे आणि त्यात वरच्या वयाची अट नाही. अक्षरओळखीबरोबर डिजिटल साक्षरता आणि आरोग्याची माहिती हेही त्यात धरलेले आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात. आपल्या वस्तीजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे याची चौकशी विहार समितीने जरूर करावी. पण सरकारी वर्ग सुरू होईपर्यंत थांबायचे कशाला? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती सरकारी योजनेची वाट पाहून नव्हे. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहे आणि वाचनालये ही तिच्या पहिल्या कामांपैकी होती. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून साठी-सत्तरीच्या, त्याहून मोठ्या आज्या पाटी-दप्तर घेऊन तिथे बसल्या. सत्तरीत पाटी धरता येते, तर मोबाइलही धरता येतो.

करून देणे आणि शिकवणे

आपल्या घरांतली पोरे कामसू आहेत. आजीने मोबाइल पुढे केला की दोन मिनिटांत तिचे काम करून टाकतात. आजीही खूश, पोरगाही मोकळा. पण यात आजी काहीच शिकत नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा त्याच्यापुढे हात पसरून उभी राहते. तो चिडला की गप्प बसते आणि काम राहून जाते.

याहून अवघड एक बाजू आहे, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. एका मावशींना अंगावरून जाण्याचा त्रास होता. पाळी जाऊन पंधरा वर्षे झालेली. तपासणी केली, रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो म्हणाले. मोबाइल नातवाचा. एकवीस वर्षांच्या नातवाने आपला तो रिपोर्ट उघडावा, वाचावा, हे त्या बाईंना सहन होईना. त्यांनी पुढच्या वेळी जाणेच टाळले. घरात विचारले की म्हणायच्या, "बरं आहे आता." पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे हे कॅन्सरचे लक्षण असू शकते आणि त्यात एकेक महिना मोलाचा असतो. त्यांच्या हातात स्वतःचा मोबाइल असता आणि आलेला कागद उघडता आला असता, तर तो दाखवायचा कोणाला हे त्यांनीच ठरवले असते.

पैशाचेही असेच. श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत जमा होतात, निवृत्त कामगाराचे पेन्शनही. आजीच्या खात्याचा पिन नातेवाइकाला पाठ असतो आणि आजीला नसतो. सगळेच घेतात असे आम्ही म्हणत नाही. पण न विचारता काढलेले शंभर रुपये हेही न दिलेले घेणेच आहे, मग घेणारा पोटचा का असेना. दुसरे शील रोज म्हणतो, ते घरातल्या पाकिटालाही लागू आहे.

म्हणून विहारातल्या वर्गासाठी आम्ही एकच नियम कडक ठेवायला सांगतो. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधावेत. तोंडाने सांगावे, दाखवायला स्वतःचा मोबाइल वापरावा, पण आजीच्या मोबाइलला बोट लावू नये. पहिल्या दिवशी हे फार जड जाते. एक बटण शोधायला आजी पाच मिनिटे लावते आणि आपले हात शिवशिवतात. ती पाच मिनिटे म्हणजेच वर्ग.

आधी चष्मा

मोबाइल येत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांना खरे म्हणजे मोबाइल दिसत नसतो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, साठीनंतर मोतीबिंदू. वर्ग सुरू करण्याआधी सगळ्यांचे डोळे तपासून घ्यावेत. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. ज्यांना फक्त जवळचा चष्मा हवा आहे, त्यांनी तो घेतल्यावरच वर्गात बसावे, नाहीतर चार आठवडे डोकेदुखी पदरी पडते आणि माणूस "मला नाही जमत" म्हणून उठून जातो.

मग मोबाइलची अक्षरे मोठी करावीत. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथे फॉन्टचा आकार. पडद्याचा उजेड वाढवावा, भाषा मराठी करावी. ऐकू कमी येत असेल तर बोलताना स्पीकर लावायला शिकवावे. हात थरथरत असेल तर सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात बोट किती वेळ दाबून धरल्यावर मोबाइलने ऐकावे, हे कमी-जास्त करता येते.

बोटांची गोष्ट वेगळी. आयुष्यभर विटा, खोरे, झाडू, कपडे धुण्याचा सोडा यांत गेलेल्या हातांची कातडी कोरडी आणि जाड होते. काचेच्या पडद्याला असे बोट कधी कधी कळतच नाही. आजी तीन-तीनदा दाबते आणि आपल्यालाच अक्कल नाही असे समजते. ओलसर फडक्याने बोट पुसावे, नाहीतर बोटाची कड टेकवावी, बऱ्याचदा काम होते. याच झिजलेल्या बोटांमुळे रेशन दुकानात आणि बँकेत अंगठा उमटत नाही. तिथे चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवण्याची सोय आहे का, हे ठामपणे विचारावे. पेन्शनरांसाठी हयातीचा दाखला, म्हणजे 'जीवन प्रमाण', २०१४ पासून डिजिटल झाला आहे आणि २०२१ पासून तो चेहरा दाखवून मोबाइलवरून काढता येतो. रेल्वे, महापालिका, गिरणी, कुठूनही निवृत्त झालेल्या आपल्या बाबांना नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभे राहावे लागू नये, यासाठी हा एक धडा ऑक्टोबरातच घ्यावा.

एका रविवारी एकच गोष्ट

भगवान बुद्धांच्या संघात चुल्लपंथक नावाचे एक भिक्खू होते. चार महिन्यांत त्यांना एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, जे स्वतःही भिक्खू होते, त्यांना विहार सोडायला सांगितले. भगवंतांनी मात्र त्यांना एक स्वच्छ फडके दिले आणि ते हाताने चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले आणि त्या मळण्यातून चुल्लपंथकांना समजायचे ते समजले. ज्याला जे पचेल ते, आणि तेवढेच, असा हा शिकवण्याचा मार्ग. आपले तरुण स्वयंसेवक नेमके उलटे करतात. पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप, यूट्यूब, पेमेंट, सगळे एका दमात सांगतात. आजी मान हलवते आणि घरी जाऊन मोबाइल कपाटात ठेवते.

पहिल्या रविवारी मोबाइल चार्ज करणे, फोन घेणे आणि ठेवणे, एवढेच. दुसऱ्या रविवारी फोन लावणे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मुलगी, शेजारीण, आशाताई यांचे फोटो पडद्यावर लावून ठेवावेत, फोटोवर बोट ठेवले की फोन लागला पाहिजे. १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा प्रत्येकाकडून पाच वेळा दाबून घ्यावा, शेवटचे हिरवे बटण मात्र दाबू नये.

तिसरा रविवार आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी कॅमेरा. घरातल्या प्रत्येक औषधाच्या पाकिटाचा, नाव आणि तारीख दिसेल असा फोटो काढायचा. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीचा, मग रक्तदाबाच्या आणि साखरेच्या शेवटच्या रिपोर्टचा. "ती पांढरी छोटी गोळी" असे सांगितल्यावर डॉक्टरांना काही कळत नाही आणि त्यातून एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतले जाते. फोटो दाखवला की प्रश्न मिटतो. वस्तीत पाणी शिरले, आग लागली किंवा घर पाडले तर कागद जातात. फोटो उरतो. फोटो काढायला वाचता-लिहिता यावे लागत नाही, ही त्याची आणखी एक सोय.

चौथ्या रविवारी गोळीच्या वेळेचा गजर. पाचव्या रविवारी माईकचे चित्र दाबून बोलणे. मोबाइल मराठी ऐकतो, हे कळल्यावर आज्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते स्वयंसेवकांनी बघण्यासारखे असते. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलीतले सगळे शब्द त्याला कळत नाहीत, हेही सांगून ठेवावे. तो चुकला तर आजी हसते, आपण चुकलो असे तिला वाटत नाही.

कार्डांचा गोंधळ

सहाव्या-सातव्या रविवारी कार्डे काढायला घ्यावीत. इथे आपल्या लोकांची फार गल्लत होते, म्हणून सावकाश समजून घेऊ.

आभा हा चौदा आकडी नंबर आहे. तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या एका जागी जोडण्यासाठी तो असतो. आभा काढला म्हणून उपचार मोफत होत नाहीत. त्याचा रोजचा उपयोग एवढा की, ज्या सरकारी रुग्णालयांत भिंतीवर क्यूआरचे चित्र लावले आहे तिथे ते मोबाइलने टिपले की केसपेपरचे टोकन मिळते आणि रांग टळते.

आयुष्मान कार्ड वेगळे. ते उपचाराच्या खर्चासाठी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळू लागले. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात धरले आहेत. तुमच्या कुटुंबाचे आधीपासून आयुष्मान कार्ड असेल, तर आजी-आजोबांचे हे पाच लाख त्याशिवाय वेगळे मिळतात. यासाठी आधार पुरते. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसोबत चालते. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो. दाखल होण्याआधी त्याला गाठावे, बिल झाल्यावर नव्हे.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. हे कार्ड रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, बाहेरची तपासणी त्यातून होत नाही. त्या सरकारी दवाखान्यातूनच घ्याव्या लागतात. आणि कार्ड मोफत आहे. वस्तीत टेबल टाकून कार्डामागे दोनशे-तीनशे मागणाऱ्याला द्यायचे काही कारण नाही.

सत्तर वर्षे आधारवर मोजली जातात. इथे आपल्या मागच्या पिढीची जुनी अडचण आडवी येते. शाळेत गेलेल्यांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावली आणि शाळेत न गेलेल्यांची आधारच्या माणसाने १ जानेवारी. वर्ष तर अंदाजानेच. खरोखर चौऱ्याहत्तरचा माणूस कागदावर सदुसष्टचा निघतो. असे असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या आणि त्याच फेरीत मोबाइल नंबर आजी-आजोबांचा स्वतःचा जोडून घ्या. बंद पडलेले जुने सिम आधारला जोडलेले राहिले, तर ओटीपी कुठेच येत नाही.

ई-संजीवनी ही घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी मोबाइलवर बोलण्याची मोफत सेवा आहे. पाय सुजलेत, गोळी बदलायची आहे, रिपोर्ट समजून घ्यायचा आहे, अशा कामाला ती चांगली. छातीत कळ, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे यांपैकी काही झाले तर मोबाइलवर डॉक्टर शोधत बसू नये, थेट १०८.

फसवणारे फोन

मोबाइल हातात दिला आणि सावधपणा दिला नाही, तर आपणच आजीला खड्ड्याकडे चालवत नेतो. म्हणून ही शिकवण शेवटच्या रविवारी न ठेवता प्रत्येक रविवारी पाच मिनिटे घ्यावी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो. "तुमचे पेन्शन अडकले आहे, पिन टाका म्हणजे येईल" असे म्हणणारा चोर आहे. बँक ओटीपी विचारत नाही. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. खाकी कपडे घालून व्हिडिओवर ओरडणारा पोलीस नसतो. वयस्कर माणूस घाबरतो, त्याचा रक्तदाब वाढतो आणि घाबरलेल्या माणसाकडून काहीही करून घेता येते. त्या वेळी करायचे एवढेच की, फोन ठेवायचा आणि शेजारच्या दारावर थाप मारायची. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

फसवणुकीचा दुसरा प्रकार आपलीच माणसे करतात, तेही प्रेमाने. अमुक पाल्याचा रस प्या, साखरेच्या गोळ्या कायमच्या बंद, असे निरोप सकाळी सात वाजता सुप्रभातच्या फुलांबरोबर येतात. आजी गोळी सोडते आणि तीन महिन्यांनी पायाची जखम भरत नाही म्हणून दवाखान्यात येते. कालामांना भगवंतांनी सांगितले होते की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, मोठ्याने सांगितले आहे, एवढ्यावरून काही मानू नका. व्हॉट्सॲपला हेच लागू. आणि खरे-खोटे न तपासता तो निरोप पुढे ढकलणाऱ्याने चौथ्या शीलाचा विचार करावा.

विहाराने काय करावे

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापासून नागपूरच्या इंदोऱ्यापर्यंत आपल्या वस्त्यांत विहार आहेत, तिथे सतरंजी आहे, वीज आहे आणि रविवारी वंदनेला माणसे जमतात. वर्गाला याहून जास्त काही लागत नाही. दहा आजी-आजोबांमागे चार-पाच तरुण असावेत. बायकांचा गट वेगळा बसवावा, म्हणजे त्या प्रश्न विचारतात. घरातलाच नातू घरातल्याच आजीला शिकवायला देऊ नये, दुसऱ्या घरची आजी द्यावी. आपल्या आजीवर माणूस ओरडतो, दुसऱ्याच्या आजीवर ओरडत नाही.

खरी अडचण मोबाइलची आहे. घरात एकच चांगला मोबाइल आणि आजीच्या वाट्याला फुटक्या काचेचा, बॅटरी न टिकणारा. शिवाय रिचार्ज. वाढदिवस, पुण्यानुमोदन अशा निमित्तांनी विहाराला दान देणाऱ्यांनी एखाद्या आजीचे तीन महिन्यांचे रिचार्ज करावे, असे आम्ही सुचवतो. बटणाचा साधा फोन असणाऱ्यांनाही वर्गात घ्यावे. १०८, १९३० आणि मुलीचा नंबर त्यावरूनही लागतो.

आणि हे सगळे शिकूनही ज्यांना जमणार नाही असे लोक राहणारच. अंथरुणाला खिळलेले, स्मृती गेलेले, मुळीच न दिसणारे. मोबाइल नाही म्हणून कोणाला उपचार नाकारला, तर तो त्या माणसाचा दोष नाही. अशा वेळी विहार समितीने रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी निवेदन द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि कागदावरची नोंदणी चालू ठेवण्याची मागणी करावी. आपण शिकतो आहोत म्हणून खिडकी बंद करायची परवानगी आपण दिलेली नाही.

पुढचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या दाराजवळ, बसलेल्या माणसाला दिसतील एवढ्या उंचीवर लावावेत:

रुग्णवाहिका १०८
आयुष्मान कार्डाची चौकशी १४५५५
महात्मा फुले जन आरोग्य योजना १५५३८८
ज्येष्ठ नागरिकांसाठी मदत १४५६७
मन अस्वस्थ असेल तर टेली मानस, दिवसरात्र १४४१६
ऑनलाइन पैसे गेले तर १९३०